गंगावन

सांगली,
१५ जानेवारी १९८४

प्रिय क्षमा,

तिळगूळ पाकिटात घालून पाठवला तर पोस्टातच त्याचा भुगा होईल. तेव्हा तो मिळाला असं समज आणि हे पत्र संपेपर्यंत तरी माझ्याशी गोड राहा.

आमचे नंदूभावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, गेल्या वर्षीपासून मुलुंडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत हे तुला ठाऊकच आहे. तिथेच खोली घेऊन राहतात. आता सासूबाईंनी त्यांच्या लग्नाचं मनावर घेतलंय. परवा आम्ही दोघी वड्या थापत होतो, तर आपण होऊनच मला विचारतात, सुलू, तुझ्या लग्नात पंगतीला पाणी वाढत होती ती लांब केसांची मुलगी कोण गं? तिचं कुठे जमलं का? मी म्हटलं, ती माझी मावसबहीण, आणि तिचं अजून कुठेच जमलेलं नाही. माझ्या लग्नाला चार वर्षं होतील. लोक माझा शालू विसरले, पण तुझी वेणी नाही विसरले!

तू धाकटी जाऊ म्हणून या घरात आलीस तर मला काय हवंय आणखी? माणसं चांगली आहेत. सासूबाई कडक आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत. भावजी शांत आहेत, जरा जास्तच शांत. तुझा एक फोटो पाठव, वेणी पुढे घेऊन काढलेला. विमलामावशीला आणि अण्णांना एवढ्यात काही सांगू नकोस. आधी तुझं मन मला कळू दे.

तुझी,
सुलूताई


अंधेरी,
२ फेब्रुवारी १९८४

प्रिय सुलूताई,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. कंपनीत सध्या फार काम आहे. आमच्या साहेबांची सगळी टेंडरं माझ्याकडेच टाइपिंगला येतात.

तू माझा विचार केलास, बरं वाटलं. पण लग्नाचं सध्या नको. नोकरीत कायम व्हायचं आहे. आईची तब्येतही सध्या बरी नसते. फोटो चांगला असा एकही नाही आणि सध्या काढायला जमेल असं वाटत नाही. नंदकुमारांना माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल.

छोटी अनुपमा आता बोलायला लागली असेल. तिचं काहीतरी लिही.

यापुढे पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवशील का? खाली लिहिला आहे.

क्षमा


सांगली,
१२ फेब्रुवारी १९८४

क्षमे,

मी काय कुक्कुलं बाळ आहे का? पत्रभर नुसतं ‘सध्या, सध्या’. मावशीची तब्येत ठणठणीत आहे, माझ्या आईला ती मागच्याच महिन्यात बोरिवलीला भेटली. आणि आता पत्र घरी नको, कंपनीत हवं!

कोण आहे तो? कंपनीतलाच आहे का? आपल्यातला नसेल म्हणून घरी सांगायची चोरी झाली असेल, तर तसं लिही. मी काही तुला खाणार नाही. मराठी आहे ना निदान? लग्न झालेला तर नाही ना? एवढंच सांग, म्हणजे माझा जीव खाली पडेल.

सासूबाई फोटोचं विचारतात आणि मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

सुलू


अंधेरी,
१ मार्च १९८४

प्रिय सुलूताई,

कुणी नाही. कंपनीतला नाही, बाहेरचा नाही.

तुझं पत्र वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. बरेच दिवस मी ठरवत होते की सुलूताईला तसंच वाटू द्यावं. कुणाच्या तरी नादी लागलेली मुलगी म्हणून तू मला ओळखलं असतंस तरी चाललं असतं. जे आहे ते सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. यावरून तुला कळेल मला काय वाटतं ते.

माझे केस गेले गं. पूर्ण टक्कल नाही, पण भांग रुंद होत होत आता डोक्याची कातडी दिसते. तुझ्या लग्नातली ती वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी राहिली आहे.

मागच्या उन्हाळ्यात सुरू झालं. न्हाल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका बसायचा. आई म्हणायची तेल लावत नाहीस म्हणून. मग तेल लावलं. माका, जास्वंद, कांद्याचा रस, कुणी जे सांगेल ते केलं. कांद्याचा वास असा बसला की शेजारच्या टेबलावरची प्रेमा एक दिवस न बोलता खुर्ची सरकवून बसली. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

डॉक्टर आम्ही मुद्दाम घाटकोपरला गाठला. अंधेरीत कुणी ओळखीचं भेटलं तर, म्हणून. त्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. म्हणाले, काही बायकांना हे तरुणपणीच होतं. औषधाने थोडं थांबेल, पण गेले ते येतील याचा भरवसा नाही. बहुधा घराण्यातूनच येतं. अण्णा तिथेच बसले होते. त्यांचं डोकं तिशीतच मोकळं झालेलं, तुला माहीत आहे. तेव्हापासून ते घरातही टोपी घालून बसतात.

आता मला सगळीकडे माझं डोकंच दिसतं. कंपनीत ट्यूबलाइटच्या खालची जागा होती, ती डोळ्यांना त्रास होतो म्हणून बदलून घेतली. बसमध्ये जागा रिकामी असली तरी बसत नाही. बसलेल्या बाईचं डोकं उभ्या माणसाला वरून दिसतं, हे तुला कधी सुचलं आहे का? मला दुसरं काही सुचतच नाही. तुला हसू येईल, पण एखाद्या मुलीला मोठा आजार झाला तर लोक चौकशी तरी करतात. याची चौकशी कुणी करू नये म्हणून आम्ही तिघं धडपडतो.

तेव्हा नंदकुमारांचं राहू दे. हे पत्र फाडून टाक.

क्षमा


सांगली,
९ मार्च १९८४

माझी क्षमा,

पत्र फाडलं. त्याआधी गच्चीवर बसून रडून घेतलं. तुझ्यावर काय काय संशय घेतला मी!

आता रडणं पुरे. मी विचार केला आहे. गंगावन माहीत आहे ना? केसांचाच लांब झुपका असतो, आपल्या केसांत गुंफला की भरघोस वेणी दिसते. आपल्या आजीच्या वेळच्या बायका सर्रास घालायच्या. नाटकातल्या बायका अजून घालतात. भांगाच्या बाजूचे केस थोडे मागे फिरवून आकडे लावले की वरचंही झाकतं. मी इथे एकीला विचारून घेतलं, नाव अर्थातच तुझं नाही सांगितलं.

सासूबाई आणि भावजी एप्रिलअखेर तुमच्याकडे येतील. नात्यातलं स्थळ, तुला पाहिलेलं आहे, तासाभराचा प्रश्न. एकदा लग्न होऊन तू इथे आलीस की मी आहे ना! हळूहळू सगळ्यांना सवय होईल. केसांसाठी कुणी बायकोला परत पाठवत नाही.

यात फसवणूक आहे असं तुझ्या डोक्यात येणार, मी ओळखते तुला. दात पुढे असलेल्या मुली तोंड मिटून फोटो काढतात, ती काय फसवणूक असते? तू फक्त गप्प राहायचंस. मीही गप्प आहे. मावशीला मी निराळं लिहिते.

सुलूताई


अंधेरी,
३० एप्रिल १९८४

प्रिय सुलूताई,

तुला सासूबाईंकडून कळलं असेलच. पसंती आली. साखरपुडा दसऱ्याच्या सुमारास, लग्न माघात. आई शेजारी पेढे वाटून आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती शेजारी दारात उभी राहून गप्पा मारत होती.

गंगावन आणायला आई आणि मी पुन्हा घाटकोपरलाच गेलो. दुकानदार चांगला होता, पण त्याचा आवाज मोठा. माझ्या कानाशी एकेक झुपका धरून नोकराला ओरडून सांगायचा, हा नको, जरा भुरा दाखव, बाईंचे केस भुरे आहेत. दुकानात आणखी दोन बायका होत्या. आई त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की मुलीचं गॅदरिंग आहे, नाटकात काम करतेय. चोविसाव्या वर्षी कसलं गॅदरिंग! पण मी मान हलवली.

पाहण्याचा कार्यक्रम तू म्हणालीस तसा तासाभरात झाला. नंदकुमार फार बोलले नाहीत. मी कुठे काम करते, टाइपिंगचा वेग किती, एवढंच विचारलं. मग तुझ्या सासूबाईंनी मला जवळ बसवलं आणि वेणी हातात घेतली. शेवटापर्यंत हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, “मुलीचे केस छान राखलेत हो तुम्ही.”

ताई, त्या मला लाडाने हात लावत होत्या आणि मला काहीच जाणवत नव्हतं. जाणवणार कसं? कुणाच्या डोक्यावरचे केस होते कोण जाणे. आईने मान खाली घातली. तो त्यांना विनय वाटला असेल.

सगळे गेल्यावर आईने आकडे काढून दिले आणि गंगावन विंचरून कपाटात ठेवलं.

क्षमा


सांगली,
१२ मे १९८४

प्रिय क्षमा,

झालं एकदाचं. इथे सासूबाई येईल त्याला तुझं कौतुक सांगतात. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते आणि देवापुढे साखर ठेवते.

आता एकच ऐक. भावजी तिथेच आहेत, अधूनमधून तुला भेटायला येतील, फिरायला चल म्हणतील. जा, पण त्यांना काही बोलू नकोस. पुरुषांना नसतं इतकं कळत. तू बोललीस तर मी यात होते हेही निघेल आणि मला याच घरात राहायचं आहे.

घाबरवत नाही. सांगून ठेवते.

सुलूताई


अंधेरी,
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय सुलूताई,

साखरपुड्यात तू माझ्या मागे अशी उभी होतीस की कुणी मागून हात लावू नये. ते माझ्या लक्षात आलं होतं.

तू नको म्हणाली होतीस ते मी केलं. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

परवा रविवारी नंदकुमार आले आणि वर्सोव्याहून होडीने मढला जाऊ म्हणाले. पावसाळ्यात बंद असलेली होडी नुकतीच सुरू झाली आहे. खाडी ओलांडायला अशी किती मिनिटं लागतात, पण वारा असा होता की मी दोन्ही हातांनी डोक्यावरचा स्कार्फ धरून बसले होते. त्यांना वाटलं मी पाण्याला घाबरते. त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला आणि मला स्कार्फ सोडून तो देता येईना. पहिल्यांदाच कुणी असा हात पुढे केला होता, ताई.

पलीकडे उतरल्यावर जिथे मासळी वाळत घातलेली असते तिथून आम्ही चाललो होतो. तिथे मी थांबले आणि म्हटलं, “ही वेणी माझी नाही.”

ते आधी हसले. मग मी स्कार्फ काढून आकडे सैल केले आणि मान खाली केली. भर उन्हात. मग त्यांनी विचारलं की हा आजार आहे का, मुलांना होतो का. डॉक्टर म्हणाले ते सगळं मी सांगितलं. मग विचारलं, वहिनीला माहीत आहे का? मी नाही म्हटलं. तुझं नाव येऊ दिलं नाही.

मग म्हणाले, एवढ्यासाठी मी लग्न मोडणार नाही. आईला मात्र कळता कामा नये, ती सहन करणार नाही. तेव्हा घरात सगळ्यांसमोर तू हे असंच लावत जा. आणि जरा थांबून म्हणाले, आपल्या खोलीतही, निदान सुरुवातीला, मला सवय नाही म्हणून. किती स्पष्ट बोलले! दुसरा कुणी असता तर मला तिथेच सोडून होडीत बसला असता. मी लगेच हो म्हटलं. परतताना त्यांनी मला शहाळं घेऊन दिलं.

मला फार हलकं वाटतंय. निदान तसं वाटायला हवं. आईला सांगितलं तर तिने देवाला नारळ फोडला.

क्षमा


सांगली,
२ नोव्हेंबर १९८४

प्रिय क्षमा,

पत्र वाचताना माझे हातपाय गार पडले होते. पण शेवट वाचला आणि जीवात जीव आला. बघ, भावजी किती मोठ्या मनाचे निघाले. दिवाळीला इथे आले होते, माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. मीही काही दाखवलं नाही.

आता पुढचं. हळदीच्या दिवशी सासरच्या बायकांनी नवरीला न्हाऊ घालायची आमच्यात पद्धत आहे. सासूबाई तुझ्यासाठी आत्तापासून शिकेकाई वाळवताहेत. त्यात संत्र्याची साल, नागरमोथा, काय काय घालणार आहेत. स्वतःच्या हाताने तुझे केस धुणार म्हणतात. तेव्हा मावशीने लग्नाच्या आधी आठ दिवस एक पत्र पाठवावं की क्षमाला सर्दीताप येऊन गेला, डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला मनाई केली आहे. मजकूर मी मावशीला लिहून पाठवते.

सासूबाई या महिन्यात साड्या घ्यायला मुंबईला येताहेत, मुलुंडला भावजींकडे उतरतील. तुला बोलावतील. नीट तयार होऊन जा.

सुलूताई


अंधेरी,
२७ नोव्हेंबर १९८४

प्रिय सुलूताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या सासूबाई सांगलीला आलेल्या असतील. तरी माझ्याकडून तुला कळावं म्हणून लिहिते.

रविवारी मी मुलुंडला गेले. साड्या पलंगावर मांडून ठेवल्या होत्या. मला जांभळी आवडली तर त्यांनाही तीच आवडलेली. खूश होत्या. चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली, मोगऱ्याचा गजरा होता. या दिवसांत मोगरा कुठून मिळवला कुणास ठाऊक. म्हणाल्या, बस इकडे पाठ करून, वेणी जरा विसकटली आहे, नीट घालून देते आणि गजरा माळते.

मी उठणार तोच नंदकुमार म्हणाले, आई, तिला उशीर होतोय, तिच्या वडिलांना बरं नाहीये. त्या म्हणाल्या, दोन मिनिटं लागतात. ते म्हणाले, तिला मोगऱ्याच्या वासाने डोकं दुखतं. इतक्या सहज, ताई. एकामागून एक. त्यांचं बोलणं चालू असताना मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. त्या बिचाऱ्या गजरा परत पुडीत बांधायला लागल्या. म्हणाल्या, अगंबाई, मला काय माहीत.

मला वाटलं, आता हे असंच चालणार. ते सांगणार, मी मान हलवणार, तू मागे उभी राहणार आणि आई तिकडून पत्र पाठवणार. आणि या बाईंनी जे जे प्रेमाने आणलं ते त्या परत बांधून ठेवणार. माझी मलाच इतकी लाज वाटली की केसांची लाज तिच्यापुढे काहीच नव्हती. मी आकडे काढले. गंगावन सोडवलं आणि साड्यांच्या शेजारी ठेवलं.

त्या बघत राहिल्या. मग सगळ्यात आधी म्हणाल्या, “झाकून घे, कुणी येईल.”

त्या रागावून नाही म्हणाल्या, घाबरून म्हणाल्या. मला त्याचंच जास्त लागलं. मी पदर घेतला. त्यांनी विचारलं कधीपासून, मी सांगितलं. विचारलं, सुलूला ठाऊक होतं? मी नाही म्हटलं. तू त्याच शब्दाला धरून राहा. मग त्यांनी गंगावन वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. साड्या घड्या घालून ठेवायला लागल्या तेव्हा मला कळलं.

नंदकुमार मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. ते चिडलेले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, “सगळं जमलं होतं. तू असं का केलंस?”

आई माझ्याशी बोलत नाही. तुझ्यावर काही येऊ नये एवढंच मला हवं आहे.

क्षमा


अंधेरी,
५ जानेवारी १९८५

प्रिय सुलूताई,

तुझं काहीच पत्र नाही. तुझ्या सासऱ्यांचं आलं, पत्रिका पुन्हा दाखवली, योग जुळत नाहीत असं लिहून. चांगल्या शब्दांत लिहिलं होतं.

तू बरी आहेस ना? एक ओळ लिही. रागाची असली तरी चालेल.

क्षमा


सांगली,
२० फेब्रुवारी १९८५

क्षमा,

जवळजवळ तीन महिने तुला लिहिलं नाही. आधी रागाने, मग दुसऱ्या कारणाने.

राग का आला ते लिहिते. मी तुझ्यासाठी एवढं जुळवलं, आणि तुला एक गजरा माळून घेता आला नाही! भांगाशी बोट गेलं असतं तर तेव्हाचं तेव्हा बघितलं असतं असं मला वाटायचं. आणि ते सगळं करताना तू माझा विचार केला नाहीस असं वाटायचं. मग आठवायचं की तू तर दोनदा खोटं बोललीस, ते माझ्यासाठीच.

सासूबाई आल्या त्या दिवशीच मला विचारलं, तुला माहीत होतं? मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला. म्हणाल्या, तुझ्या मावशीने तुलाही फसवलं बघ. आणि मी, क्षमा, होय म्हटलं. तेव्हापासून घरात मावशीचं नाव निघालं की मी त्यांच्या बाजूने मान हलवत होते. हे ते दुसरं कारण. तुला काय लिहू?

गेल्या आठवड्यात भावजींसाठी कऱ्हाडची मुलगी बघून आलो. गोरी, केस भरपूर. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, सुलू, तू बाईमाणूस आहेस, पुढच्या वेळी नीट बघून घे, ओढून बघ हवं तर. त्या हसल्या, मीही हसले. आणि मग मला तिथे बसवेना. मी म्हटलं, आई, मला माहीत होतं. गंगावन मीच सुचवलं होतं, क्षमा नकोच म्हणत होती. विमलामावशीला पत्रंही मीच लिहिली.

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, त्या आता त्यांच्या कमरेला आहेत. यांनी एक दिवस आरडाओरडा केला, मग सोडून दिलं. कऱ्हाडचं ठरलं आहे. भावजींचं विचारशील तर ते नेहमीसारखे शांत आहेत.

काल अनुपमाची वेणी घालत होते, तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्या मुलीने स्वतःहून काढून दाखवलं, नाहीतर मला कळलंही नसतं. तेवढंच म्हणून आत गेल्या. यातून काय घ्यायचं ते मला कळलं नाही. जसं म्हणाल्या तसं लिहिलं.

तू कशी आहेस? खरं लिही.

सुलूताई


अंधेरी,
८ एप्रिल १९८५

प्रिय सुलूताई,

किल्ल्यांचं वाचून मी कंपनीतच रडले. शेजारच्या टेबलावरच्या प्रेमाने विचारलं, मी सांगून टाकलं, सगळंच. ती म्हणाली, मला केव्हापासून दिसत होतं, कांद्याच्या वासाने मळमळायचं म्हणून खुर्ची सरकवली होती, तुला वाटलं असेल तसं काही नव्हतं. तिनेच मला तिच्या ओळखीच्या पार्लरमध्ये नेलं. आता केस कानाच्या खाली, मानेच्या वर आहेत. कापल्यावर विरळपणा कमी दिसतो असं ती बाई म्हणाली. थोडा कमी दिसतो. भांग दिसतोच.

खरं लिही म्हणालीस. लाज गेली म्हणून लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या दिवशी साहेबांनी दोनदा वर बघितलं तर माझं सगळं टाइपिंग चुकलं. समोरून कुणी बोलायला लागलं की त्याचे डोळे कुठे जातात तेच मी बघते, बोलणं निम्मं ऐकू येत नाही. कुणी काही म्हणत नाही, तरी घरी आल्यावर दमलेली असते. पण आकडे टोचत नाहीत. आणि कुणी अचानक मागून हाक मारली तर आता दचकत नाही. एवढं झालं आहे.

आईने केस कापलेले पाहिले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पंधरा दिवस ती बाजारात माझ्याबरोबर आली नाही. मी निघाले की तिला काहीतरी काम आठवायचं.

शुक्रवारी खालच्या मजल्यावर रतनताईंकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. आई दरवर्षी एकटीच जाते. या वेळी साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल. कारण काही सांगितलं नाही.

पंधरा-वीस बायका होत्या. डाळ-पन्हं दिलं, हातात भिजवलेले हरभरे घातले. मग रतनताई एकेकीच्या केसांत अबोली माळत आल्या. माझ्यापाशी आल्या आणि फुलं हातात धरून थांबल्या. माळायची कुठे? त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग आईकडे. ताई, माझे कान असे तापले की वाटलं, आता उठावं आणि जिना चढून जावं.

आई म्हणाली, “तिच्या हातात द्या. केस गेले तिचे, येणार नाहीत आता.”

इतक्या साध्या आवाजात म्हणाली! जणू दूध उतू गेलं म्हणून सांगतेय. रतनताईंनी फुलं माझ्या हातात दिली. एक बाई म्हणाल्या, अरेरे. दुसरीने आवळ्याचं तेल सुचवलं. आई म्हणाली, सगळं करून झालं. आणि पन्ह्यात वेलची घातली आहे का म्हणून विचारायला लागली. मी उठले नाही. सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहिले.

जिना चढताना आई मधल्या वळणावर थांबली. मला वाटलं दम लागला. म्हणाली, दीड वर्षं मी आपल्याकडे कुणाला बोलावलं नाही, बायका काय म्हणतील म्हणून. येत्या शुक्रवारी आपण करू. बाजूच्या दोन्ही इमारतींतल्या सगळ्यांना सांगू. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, हळदीकुंकू तू लावायचंस सगळ्यांना.

म्हणजे प्रत्येकीपुढे वाकायचं. मान खाली करायची. तिला ते कळलं नसेल असं नाही.

मला भीती वाटते आहे, ताई. पण हो म्हटलं. आज हरभरे आणले, ते निवडायला बसले आहे. आईने अर्धे तिच्या ताटात घेतले.

तुझी,
क्षमा